कन्हैयालाल यांचे घरातून

नैरोबीच्या सुईण-नोंदणी मंडळाकडून आलेल्या पत्रात दोन हरकती होत्या. पहिली अशी की, अर्जदार बाईंच्या पदविकेवर १३३७ हे साल आहे, ती लिहिणाराची चूक समजावी की काय. दुसरी अशी की, बाईंनी स्वतंत्रपणे केलेल्या वीस बाळंतपणांची जी यादी जोडली आहे, तीत सगळी नावे पुरुषांची दिसतात, तरी खुलासा व्हावा.

जगन्नाथ हे वाचून इतका हसला की त्याचा चष्मा खाली आला. तो अरुंधतीचा धाकटा भाऊ, मिडल स्कुलात इंग्रजी शिकवायचा. तिचा अर्ज, यादी, सगळं इंग्रजीत त्यानंच उतरवून दिलं होतं. त्याचं हसणं ऐकून उषाबाई, म्हणजे त्याची बायको, कणकेच्या हातानं बाहेर आली. "काय झालं वो?" "अगं, आपली ताई जालन्यातल्या गड्यांची बाळंतपणं करून राह्यली, असं म्हणतेत ते." मग उषाबाईही तोंडाला पदर लावून हसली. दोघं हसतायत म्हणून अरुंधतीही हसली, आणि मध्येच थांबली. तिचे कान तापले. यादी तिला तोंडपाठ होती. पुंजाराम, हसनाबाद. नरहर, वडीगोद्री. सत्यनारायण, जालना. कन्हैयालाल, जालना. तिच्या वहीत प्रत्येक नावापुढे 'यांचे घरातून', म्हणजे यांची बायको, असं होतं. जगन्नाथला त्याचं इंग्रजी सुचेना, म्हणून ते त्यानं गाळलं होतं. पण ते घातलं असतं तरी काय उजेड पडणार होता? रात्री-अपरात्री दाराशी येणारा माणूस म्हणायचा, चला बाई, आमच्या घरातून पोट दुखून राह्यलं. जो बोलवायला आला त्याचं नाव ती वहीत घालायची. आत जी पडलेली असायची तिला सासू बिनणी म्हणायची, सूनबाई म्हणायची, जाऊ अगं म्हणायची, आणि अरुंधती स्वतः पोरी म्हणायची. पोरी, जोर कर. पोरी, डोळे मिटू नको. आठ वर्षांत तिनं एकीलाही नाव विचारलं नव्हतं, आणि विचारलं नाही हे आता, एका परक्या मुलखातल्या कारकुनानं विचारल्यावर, तिच्या ध्यानात आलं. पुरुषानं असं केलं असतं तर ती त्याला चार शब्द सुनावून मोकळी झाली असती. इथं सुनावायचं कुणाला?

सालाची भानगड सोपी होती. निजामच्या मुलखात फसली साल चालतं, त्यात पाचशे एक्याण्णव मिळवावे, म्हणजे १९२८ येतं, असं जगन्नाथनं ठासून लिहिलं आणि खाली रेघ मारली. दुसऱ्या हरकतीला मिळवायचं काहीच नव्हतं. तिथल्या मंडळाला त्याच वीस बायकांची नावं हवी होती. स्वतःचं नाव, वय, बाळंतपणाचा परिणाम, आणि प्रत्येकीची सही किंवा अंगठा. वीसांत बदल करता येणार नाही, वीसांहून कमीही चालणार नाहीत. मंडळाची बैठक सहा महिन्यांतून एकदा. तिथं हिंदी लोकांनी काढलेल्या सूतिकागृहाचे चिटणीस म्हणून जे गुजराती गृहस्थ होते, त्यांनी वेगळ्या चिठ्ठीत आदबीनं कळवलं होतं की जागा या बैठकीपर्यंत आपल्यासाठी धरून ठेवली आहे, पुढे आमचाही नाइलाज. त्यासाठी शनिवारची बोट गाठायला हवी होती, आणि बोट गाठायची तर गुरुवारच्या संध्याकाळच्या गाडीनं टपाल मनमाडकडे निघायला हवं होतं.

आज गुरुवार होता. वैशाखातलं ऊन. चार वाजून गेले होते, इंग्रजी टपाल कचेरी साडेपाचला बंद व्हायची, आणि अरुंधती कन्हैयालालच्या माजघरात जाजमावर बसली होती. एकोणीस नावं भरलेला कागद तिच्या मांडीवर होता आणि विसावी ओळ कोरी होती.

ती एकोणीस गोळा करायला तीन आठवडे लागले होते. वाटतं की नाव काय, विचारलं की मिळतं. तसं नव्हतं. वडीगोद्रीला मोटारीतून उतरून ती नरहरच्या दुकानात गेली, तर तो म्हणाला, "नाव कशाला पाह्यजे? माझं हाय की कागदावर." त्याची बायको आतून ऐकत होती. अरुंधती आत गेली तेव्हा तिनं आधी दार लोटून घेतलं, आणि मग हळूच विचारलं, कुठलं सांगू, माहेरचं का सासरचं? दोन्ही सांगून झाल्यावर ती रडायला लागली, का ते तिला सांगता येईना. हसनाबादला पुंजारामची बायको शेतात होती. तिथवर बैलगाडीतून जावं लागलं. ती मात्र खुरपं टाकून कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं स्वतःचं नाव सांगितलं, आणि म्हणाली, आफ्रिकेत जाऊन राह्यलं का माझं नाव? जाऊ द्या. मला तर अंबडबी दाखवलं न्हाई कुनी. तिचा अंगठा इतका भेगाळलेला होता की कागदावर तो नीट उमटेना, तीनदा लावावा लागला. त्या रात्री परत येताना गाडीत अरुंधतीला सारखं वाटत होतं की आपण हे उशिरा करतोय. हातात ज्यांचं रक्त लागलं, ज्यांनी आपलं मनगट दातांनी चावलं, त्यांची ओळख आज होतेय. आणि तीही आपल्या कामासाठी, आपल्याला इथून सुटायचंय म्हणून. आपण काही देवमाणूस नाही, हे तिला त्या तीन आठवड्यांत चांगलंच कळलं.

कारण सुटायचं होतं, यात खोटं काही नव्हतं. सोळाव्या वर्षी आष्टीहून पांढरं कपाळ घेऊन ती माहेरी आली. वडील होते तोवर ठीक होतं. मग हैदराबादेत दोन वर्षं सुईणीचं शिक्षण झालं, सगळं उर्दूत, रात्री दिव्याशी बसून घोकलेलं. मग आठ वर्षं सरकारी दवाखान्याचा जनाना विभाग आणि घरोघरच्या हाका. दवाखान्यातल्या केसी डॉक्टरांच्या देखरेखीतल्या, त्या मोजायच्या नाहीत असं नैरोबीचं म्हणणं. म्हणजे मोजायच्या त्या घरोघरच्या. आणि घरोघरी ती मागच्या दारानं जायची. मूल येईपर्यंत तिच्यावाचून पान हलत नसे, नाळ कापली की तिच्या हातचं पाणी कुणी घेत नसे. तिच्यासाठी वेगळी कपबशी कोनाड्यात ठेवलेली असायची, कान तुटलेली, अगदी चांगल्या घरांतूनसुद्धा. जगन्नाथ प्रेमळ होता, उषाबाईही वाईट नव्हती, पण घरात सण असला की उषाबाई म्हणायची, ताई, तुमी आज दवाखान्यातच जेवा ना, सोवळ्याचं हाय. नैरोबीच्या पाकिटावर तिचं नाव होतं. तिचं स्वतःचं, आडनावासकट, टाइप केलेलं. पोस्टमननं ते जगन्नाथच्या हाती न देता तिच्या हाती दिलं होतं. ते पाकीट तिनं फेकलं नव्हतं. पदविकेच्या कागदासोबत ट्रंकेत ठेवलं होतं, आणि कधीकधी नुसतं काढून बघायची. यात हसण्यासारखं काही असेल तर खुशाल हसावं.

कन्हैयालालचं घर तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. शेवटी ठेवलं म्हणजे तोवर काहीतरी होईल असं वाटतं माणसाला. काय होणार होतं? यादीत हे नाव घातलं तेव्हाच हात अडखळला होता. पण पहिल्या वेळी नैरोबीनं फक्त नावं मागितली होती, परिणाम विचारला नव्हता. वहीतल्या क्रमानं वीस उतरवून ती मोकळी झाली. त्या वीसांत ही एकच अशी होती जिच्याकडे जाऊन अंगठा मागता येणार नव्हता.

पाच वर्षांपूर्वीचा श्रावण. त्या दिवशी ती सकाळपासून एका दुसऱ्या घरी होती, तिथली बाळंतीण तीन दिवस तापानं फणफणत होती, तिला पुसून, कपडे बदलून ती उठते तोच सरकी बाजारातल्या या घरचा गडी येऊन उभा. जल्दी चला. ती तशीच निघाली. मागच्या अंधाऱ्या खोलीत पोरगी दोन दिवसांपासून कळा देत होती. सतरा वर्षांची असेल. आवाज बसलेला, ओठ फुटलेले, आणि अरुंधतीला बघून ती हसली होती. का हसली असेल? सुटका आली असं वाटलं असेल. अरुंधतीनं उकळतं पाणी मागितलं. सासूबाईंनी घंगाळात कोमट आणून ठेवलं, म्हणाल्या, चूल इझलीय, पेटवते आत्ता. आणि पोरीनं अरुंधतीचा पदर धरला. चूल पेटायला किती वेळ लागतो? पाव तास? तो पाव तास अरुंधतीनं त्या दिवसानंतर इतक्या वेळा मोजलाय की आता तो तिला खरा किती होता ते आठवत नाही. थांबता आलं असतं. तिनं कोमट पाण्यात हात बुडवले, लुगड्याला पुसले, आणि आत घातले. मुलगी झाली, जिवंत, ठणठणीत. ती आता आजोळी मारवाडात वाढत होती. पाचव्या दिवशी पोरीला ताप चढला, अकराव्या दिवशी ती गेली. हैदराबादेत मास्तरांनी हेच घोकून घेतलं होतं, हात, हात, हात. उर्दूत घोकलेलं ते वाक्य तिला आजही झोपेत ऐकू येतं. आणि सरकी बाजारात कुणी तिला एक शब्द बोललं नाही. नजर लागली म्हणाले, नशीब म्हणाले. उलट तेराव्यानंतर या घरून तिला नारळ आणि लुगडं आलं. ते तिला नेसवेना, तिनं उषाबाईला दिलं. उषाबाईनं ते दोन सणांना नेसलं, आणि दोन्ही वेळा अरुंधतीला जेवण गेलं नाही.

"उन्हाच्या कशाला आल्या, नरसबाई?" भगवतीदेवींनी सरबत पाठवलं होतं, धड कपात. त्या कन्हैयालालच्या आई. आता साठीच्या, गुडघ्यांनी बेजार, पण घरातली किल्ली अजून कंबरेला. अरुंधतीनं त्यांना कागदाचं सगळं सांगितलं. अर्धं सांगितलं, असं म्हणायला हवं. नाव, वय, अंगठा सांगितलं, परिणामाचं तोंडातच राहिलं. भगवतीदेवींनी शांतपणे ऐकून घेतलं. शेजारी खांबाला टेकून नवी सून बसली होती, प्रेमबाई, एकोणीस वर्षांची, घुंगट हनुवटीपर्यंत, आणि ओढणीखालूनही दिसावं इतकं पोट पुढे आलेलं. सातवा असेल, असं अरुंधतीच्या डोळ्यांनी तिला न विचारता ठरवून टाकलं.

"अंगठाच पाह्यजे ना?" भगवतीदेवी म्हणाल्या. "मंग ही हाय की."

"मांजी, ही न्हाई. ती होती."

"कागदावर काय लिवलंय तुमच्या?"

"कन्हैयालाल यांचे घरातून."

"मंग ही कोण हाय? घरातूनच हाय. बराबर लिवलंय तुमी. तव्हा ती होती, आता ही हाय. कोण तिकडून पाह्यला येतंय?" त्यांनी हे कपटानं म्हटलं नव्हतं. आलेल्या बाईचं अडलंय, ते सोडवायला हवं, इतकंच. मायेनंच बोलत होत्या त्या, आणि म्हणूनच अरुंधतीला त्यांना अडवता येईना. "पेढीवर शाई हाय अंगठ्याची. मुनीमजी घोरत असतील या टायमाला, मीच आणते." गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि दुकानाकडच्या दारानं गेल्या. एक एक पायरी उतरताना त्यांच्या किल्ल्या वाजत होत्या.

अरुंधतीनं कोऱ्या ओळीकडे पाहिलं. किती सोपं होतं. नाव प्रेमबाई. वय एकोणीस. परिणाम, आई व मूल सुखरूप. खाली एक अंगठा. नैरोबीतला कारकून वीस मोजील, बोट फिरवील, शिक्का मारील. एका माणसाचंही यात नुकसान नव्हतं. जी गेली ती परत येणार नव्हती, आणि या घरालाच जर एकीच्या जागी दुसरी चालत होती, तर आपण कोण लागून गेलो अडवणारे? आठ वर्षं तिनं स्वतः हेच तर केलं होतं. तिला बोटीचा जिना दिसला. तिनं बोट कधी पाहिली नव्हती, त्यामुळे तो जिना दवाखान्याच्या जिन्यासारखा होता, फक्त त्याच्या टोकाला पाणी होतं. तिला हवं होतं ते. इतकं हवं होतं की दात आवळले गेले. दौत उघडून तिनं लेखणी बुडवली, आणि लेखणी धरलेल्या हाताकडे तिची नजर गेली. शिरा दिसणाऱ्या आपल्याच हाताचा तिला राग आला. सगळ्या गोष्टीला हाच नडतो.

"बाई," घुंगटातून आवाज आला. "एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार ना."

"ती कशानं गेली?"

दुकानाच्या बाजूनं मुनीमजींचं खोकणं आलं. प्रेमबाईनं घुंगट दोन बोटांनी वर केला. गोल, घामेजलेला चेहरा, डोळ्यांखाली काळं. झोप नव्हती या पोरीला, महिना झाला असेल. "हितं सगळे म्हनतात नशिबानं. यांना विचारलं तर उठून जातात. मांजी म्हनतात तसलं बोलू नये या दिसांत. पर खोली तीच हाय. मला बी त्याच खोलीत घालतील. तुमी होत्या तिथं. कशानं गेली?"

पाच वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. डॉक्टरांनी नाही, जगन्नाथनं नाही. पत्रात दोन हरकती काढणाऱ्या नैरोबीनंसुद्धा 'परिणाम' एवढाच शब्द लिहिला होता, कशानं ते विचारलं नव्हतं. अरुंधतीला वाटत आलं होतं की कुणी विचारलं तर आपण तिथल्या तिथे कोसळू. तसं झालं नाही. तिचा आवाज अगदी दवाखान्यातल्यासारखा कोरडा निघाला.

"माझ्या हातानं," ती म्हणाली. "मी दुसऱ्या एका तापाच्या बाईकडून आल्ते. हात उकळत्या पाण्यानं धुवायचे असतात. पाणी कोमट होतं. मी थांबले न्हाई. तो ताप माझ्या हातावरून तिच्या पोटात गेला. नशीब-बिशीब काही नव्हतं."

सांगितल्यावर मोकळं वाटतं म्हणतात. तिला काही मोकळं वाटलं नाही. आता ही पोरगी किंचाळेल, सासूला हाक मारील, उद्या सकाळी साऱ्या बाजारात होईल, दवाखान्यात होईल, जगन्नाथच्या शाळेत होईल, हे सगळं एका क्षणात तिच्या डोक्यातून गेलं. बोलून बसले. बोलायचं काय अडलं होतं? तासाभराचा प्रश्न होता, नंतर बोट, समुद्र, आणि मग कुणी विचारायलाही राहिलं नसतं. प्रेमबाई किंचाळली नाही. ती तिच्याकडे बघत राहिली, इतका वेळ की अरुंधतीनंच नजर खाली घेतली. मग पोरीनं गळ्याशी हात नेऊन काळ्या दोऱ्यातला एक चपटा सोन्याचा तुकडा बाहेर काढला. नखाएवढा. त्यावर बाईची आकृती ठोकलेली होती, डोळे, नाक, दोन हात. दुसरेपणावर दिलेल्या पोरींच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा असा टाक असतो, तो अरुंधतीनं किती जणींच्या गळ्यात पाहिला होता, बाळंतपणात बाजूला सारला होता.

"हीच ती," प्रेमबाई म्हणाली. "रोज न्हाल्यावर हिला पानी दावते. पहिला घास दावते. नाव घ्यावं लागतं, मंग जेवायचं. न्हाई घेतलं तर झपाटती म्हनतात."

अरुंधतीनं त्या तुकड्याकडे बघत विचारलं, "काय नाव तिचं?"

"गवरा. गवराबाई." तिनं ते सवयीनं घेतलं, रोज घेतात तसं, जराही न अडखळता. "तुमाला ठावं न्हाई?"

"न्हाई."

"तुमीच तर होत्या." यात टोचून बोलणं नव्हतं, पोरीला खरंच नवल वाटलं होतं. अरुंधतीला त्याहून वर्मी लागेल असं कुणी काही बोलू शकलं नसतं.

किल्ल्या वाजल्या. भगवतीदेवी धापा टाकत आल्या, हातात शाईची पत्र्याची डबी. प्रेमबाईनं घुंगट ओढला, टाक आत सारला, आणि सासूनं काही सांगायच्या आधी उजव्या हाताचा अंगठा शाईत बुडवून कागदापुढे धरला. अरुंधती थक्क झाली. सगळं ऐकूनही ही अंगठा द्यायला तयार होती. सासू म्हणते म्हणून, की हिला दया आली म्हणून? घुंगटामागचं काय कळणार! काळा ओला अंगठा कागदावर वीतभर उंचीला थांबला होता, शाईचा थेंब खाली पडेल असं वाटत होतं, आणि अरुंधतीच्या मनात अजूनही, इतकं होऊनही, एक आवाज म्हणत होता की बोलू नको, पाडू दे.

तिनं कागद ओढून घेतला. मांडीवर पाटी धरून ती लिहायला लागली. इंग्रजी अक्षरं तिला येत होती, औषधांच्या बाटल्यांवरून शिकलेली, सुटी सुटी. आधी नाव काढलं. गवराबाई. वय सतरा. मूल जिवंत. आई अकराव्या दिवशी बाळंतज्वराने मृत. इंग्रजीतला मरणाचा शब्द तिला स्पेलिंगसकट पाठ होता, दवाखान्याच्या केसपेपरांवर तो पुष्कळदा लिहिलेला असे. अंगठ्याच्या चौकटीत तिनं एक आडवी रेघ मारली. अक्षरं ओळीत आली.

"काय लिवलं?" भगवतीदेवींनी विचारलं.

"गवराबाई वारल्या, असं लिहिलं."

म्हातारीनं डबीचं झाकण लावलं. कितीतरी वर्षांनी ते नाव कुणीतरी बाहेरच्यानं या माजघरात घेतलं असणार. मग ती म्हणाली, "हातानं काम बिघडवून घेतलं की, बाई. असं लिवल्यावर घेतील का तुमाला ते?"

"बहुतेक न्हाई घेणार, मांजी."

"मंग कशाला लिवलं?"

अरुंधती लेखणी पुसत राहिली. डोळे मात्र भरून आले, आणि ते नैरोबीसाठी आले हे तिला पक्कं ठाऊक होतं. धुवट पांढरी भिंत, नळाचं पाणी, दारावर आपल्या नावाची पाटी, असं जे काय तिनं तीन महिने मनात बांधलं होतं, ते सगळं त्या एका ओळीनं गेलं होतं. पुण्य केल्यासारखं वाटत नव्हतं. फार वाईट वाटत होतं. तिनं कागद वाळवला, घडी केली, पाकिटात घातला, आणि तरीही पाकीट चिकटवलं. एकोणीस आणि एक. पाठवायला तर हवंच होतं. भगवतीदेवी 'खुळी बाई' असं काहीतरी पुटपुटत शाईची डबी परत ठेवायला गेल्या.

ती उठणार तोच प्रेमबाईनं तिचं मनगट धरलं. शाईचा अंगठा तिच्या कातडीवर उमटला. "जाऊ नका. माझं पोट पाह्या."

"मी?" अरुंधती म्हणाली. "ऐकलंस ना तू मघाशी?"

"ऐकलं. दुसरी कोणतीबी सुईण आली तर ती मला काय सांगंल? समदं बराबर हाय, पोरी, भिऊ नको. मला तसलं न्हाई पाह्यजे. तुमी पाह्या." आणि ती जाजमावर आडवी झाली. घुंगट बाजूला पडला होता. छत बघत ती पडून राहिली, हात दोन्हीकडे, मुठी वळलेल्या.

अरुंधतीनं पाकीट खाली ठेवलं. मोरीत जाऊन तिनं हात धुतले, पुन्हा धुतले, आणि येऊन तिच्याजवळ बसली. पाच वर्षांत तिनं शेकडो पोटं तपासली होती, पण असे हात जड झाले नव्हते. बोटं पसरून तिनं दोन्ही बाजूंनी दाब दिला. खाली मऊ लागलं. तिनं पुन्हा पाहिलं, तळहात वर सरकवले. छातीच्या फासळ्यांखाली, उजवीकडे, टणक, गोल, बोटांनी ढकललं की हलणारं. मूल उलटं होतं. डोकं वर होतं. एक पाय आतून तिच्या करंगळीवर आपटला.

"बराबर हाय ना?" प्रेमबाईनं विचारलं.

'बराबर हाय' हे शब्द अरुंधतीच्या जिभेवर तयारच असत. हजारदा म्हटलेले. ते म्हणून बाई शांत होते, सासू शांत होते, आणि आपण कप न घेता मागच्या दारानं निघतो.

"न्हाई," ती म्हणाली. "डोकं वर आहे. खाली यायला पाह्यजे. पुष्कळदा आपोआप फिरतं, अजून दोन महिने आहेत. न्हाई फिरलं तर मी फिरवायला बघीन. रोज येऊन पाहीन. तेव्हाबी न्हाई फिरलं तर दवाखान्यात नेईन तुला, मांजी काहीबी म्हणोत. या खोलीत न्हाई."

प्रेमबाईनं डोळे मिटले. मुठी हळूहळू सुटल्या. अरुंधतीनं हात काढले नाहीत. पेढीवरच्या घड्याळात पाचाचे ठोके पडले.

"ते टपाल," डोळे न उघडताच प्रेमबाई म्हणाली. "आधी ते टाकून या. मी अशीच पडून राह्यते."

अरुंधतीनं पाकीट उचललं, आणि वहाणा पायात न घालताच ती पुढच्या दारानं बाजारात उतरली.